बालकांची दृष्टी आणि पाठशाळेचे अंगण
(वर्धापनोत्सवप्रसंगी पाठशाळेत झालेले भाषण)



ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील कित्येक गच्च्यांवरून किल्ला दिसतो. थोरांना त्याचे बुरूज मोजता येतात; परंतु शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या बालकास मात्र तेथे केवळ एक धूसर करडी रेघ भासते. तेच बालक पोथीतील बारीक अक्षर बिनचूक वाचते. त्यामुळे घरात कोणास शंका येत नाही. वर्गात मात्र फळा दिसेनासा होतो. बालक डोळे किलकिले करते, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, आणि ‘मंद’ अथवा ‘चुकार’ ही दूषणे त्याच्या वाट्यास येतात. हा त्याच्यावर होणारा अन्यायच होय.

या दोषास लघुदृष्टी म्हणतात. अशा नेत्रात दूरच्या वस्तूचे प्रतिबिंब दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते, हे केप्लर या ज्योतिर्विदाने १६०४ साली सांगितले. वाढत्या वयात नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबट होतो, हे बहुधा त्याचे कारण असते. लांबलेला नेत्र पुन्हा आखूड होत नाही. दोष जितक्या लहान वयात जडेल तितका तो अधिक वाढतो. आणि फार वाढल्यास पुढे दृष्टिपटल सुटण्याचे व काचबिंदूचे भय वाढते. यास्तव वाढीचा वेग मंद करणे, हेच खरे कार्य होय.

पाठशाळांनी विशेष लक्षात घ्यावे असे एक उदाहरण जेरुसलेमचे आहे. तेथील सनातनी यहुदी मुले धर्मग्रंथांचे दीर्घकाळ वाचन करतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या मुलांमध्ये हा दोष त्याच समाजातील मुलींच्या दुपटीहून अधिक आढळला. कुळ एक, आचार एक. भेद मुख्यत्वे अध्ययनाच्या रीतीचा होता.

मग विद्या सोडावी काय? मुळीच नव्हे. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर नेण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन वर्षांत त्यांच्यापैकी शेकडा सुमारे ३० मुलांना दोष जडला. इतरांत हेच प्रमाण सुमारे ४० होते. दिवसाचा प्रकाश, मग तो झाडाच्या सावलीतला का असेना, खोलीतील दिव्याहून कितीतरी पट प्रखर असतो. त्याचाच हा गुण मानला जातो.

येथे पाठशाळेची जुनी रीत उपयोगी पडते. संथा कानाने घ्यावयाची व मुखाने द्यावयाची असते. तिला चार भिंतींची गरज नाही. ग्वाल्हेरचा उन्हाळा कडक, म्हणून त्या दिवसांत सकाळी व सायंकाळी, आणि थंडीत दुपारीही, पाठांतर अंगणात व्हावे. खेळ धरून रोज दोन तास बालक उघड्यावर असावे. सूर्याकडे मात्र पाहू नये. पोथी असो वा मोबाइल, ती वीतभर अंतरावर न धरता कोपरापासून बोटांपर्यंतच्या अंतरावर धरावी, आणि मधूनमधून दृष्टी दूर न्यावी.

परंतु जडलेल्या दोषास केवळ मोकळी हवा पुरत नाही. चष्म्याने नंबर वाढतो, ही समजूत खोटी आहे. उलट, मलेशियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा दोष अधिक वेगाने वाढला. अत्यल्प मात्रेतील अ‍ॅट्रोपीनचे थेंब व विशेष भिंगे यांनी ही वाढ मंदावू शकते. मात्र ते उपाय नेत्रवैद्याच्याच देखरेखीखाली करावयाचे. ग्वाल्हेरीत जयारोग्य रुग्णालयासारखे स्थान असता परीक्षेस विलंब का व्हावा? मुलीला चष्मा लागला तर विवाहात अडचण येईल, या भयाने तिला धूसर जगात ठेवणे तर सर्वथा अनुचित होय.

तेव्हा शिष्य चुकला असता गुरुजींनी रागावण्यापूर्वी त्यास अंगणात न्यावे, किल्ल्याकडे बोट दाखवावे आणि काय दिसते ते विचारावे. त्याच्या उत्तरावरून दोष बुद्धीचा की दृष्टीचा, याचा पहिला संकेत मिळेल.