रस्ता कुणाचा?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात संस्थेच्या माजी खजिनदारांनी केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचा ताळेबंद मांडा, असं मला सांगण्यात आलं आहे. बँकेत जन्म गेला, त्यामुळे जमेची बाजू मला पटकन दिसते. बोअरचं पाणी आलं, डांबरी रस्ता झाला, झाडं वाढली. पण ताळेबंदाला दुसरी बाजूही असते. आज मी ती वाचणार आहे, कारण त्यातली एक नोंद माझ्याच हातची आहे.

आपण इथं राहायला आलो तेव्हा सगळ्या सोसायटीत मिळून दोन-तीन चारचाकी होत्या. बाकी स्कूटर, लूना आणि सायकली. संध्याकाळी मधल्या रस्त्यावर लंगडी, लगोरी, क्रिकेट चालायचं. बायका फाटकाशी उभ्या राहून भाजी निवडायच्या. कुणाचं लेकरू कुणाच्या घरी जेवलं, याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. मग गाड्या वाढल्या. वाहनकर्जाच्या कितीतरी फायलींवर मीच सह्या केल्या, तेव्हा गाडीवाल्यांना मी नावं ठेवत नाही. गाडी ही गरज आहे. रात्री-अपरात्री सोलापूरला दवाखान्यात जावं लागलं, तर तीच कामाला येते.

पण खजिनदार असताना मी ठराव मांडला की मधल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी पार्किंगच्या पट्ट्या आखाव्यात. काचा फुटण्याच्या तक्रारी होत्या म्हणून ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ हा फलकही मीच रंगवून घेतला. ठराव एकमताने मंजूर झाला. लेकरांना मत नव्हतं, म्हणून एकमत झालं!

मागच्या दिवाळीत मी गाडी मागे घेत होतो. आरशात काही दिसलं नाही. समोरच्या वहिनी जिवाच्या आकांताने ओरडल्या, मी ब्रेक दाबला. उतरून पाहतो तर मागच्या चाकापासून हातभर अंतरावर एक पाच वर्षांचं लेकरू वाकून चेंडू काढत होतं. त्याला काही झालं नाही. पण माझे पाय अर्धा तास थरथरत होते. चूक त्याची नव्हती. चेंडू जिथं जायचा तिथंच गेला होता. चूक रस्ता आखणाऱ्याची होती, आणि तो आखणारा मी होतो.

रस्त्याच्या आखणीनं माणसं जवळ येतात किंवा दुरावतात, हे मी नोकरीत असतानाच पाहिलं होतं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट या जिल्ह्यात कोण विसरेल? आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि भूकंपानं किल्लारी, सास्तूर भागातली गावं जमीनदोस्त झाली. पुढे लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली मिळून 52 गावं नव्या जागी वसवली गेली. कर्जप्रकरणांच्या निमित्तानं त्या भागात माझं जाणं-येणं असे. जुन्या गावात माळवदाची घरं, चिंचोळ्या गल्ल्या, पार. नव्या गावात सरळ रेषेत घरं आणि ऐसपैस रस्ते. लोकांनाही तेच हवं होतं, कारण दगडमातीच्या भिंतींनी माणसं गाडली होती. पण एक आजी मला म्हणाल्या, “साहेब, घर पक्कं हाय, पण हाक मारली तर शेजारणीला ऐकू जात न्हाई.” गाव आलं, गल्ली मागं राहिली. तेव्हा मी मान हलवली आणि पुढच्या फाईलकडे वळलो. आपल्या सोसायटीत रस्ता तेवढाच आहे, पण मधे गाड्यांची भिंत उभी राहिली.

कुणी म्हणेल, आता काळ बदलला, काय करणार? पण हॉलंडमध्येही काळ बदललाच होता. 1971 साली त्या छोट्या देशात रस्ते अपघातांत 400 हून अधिक मुलं दगावली. आईबाप रस्त्यावर उतरले. डेल्फ्ट शहरातल्या रहिवाशांनी गल्लीत झाडं, बाकं मांडून गाड्यांचा वेग मोडला, आणि 1976 मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली. तिथं गाडी येते, पण पाहुण्यासारखी, माणसाच्या चालीनं. यामागचं गणित साधं आहे. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो.

बरं, हॉलंड लांब राहिलं. पुण्यात 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्यासारखा गजबजलेला रस्ता एक दिवस पादचाऱ्यांना मोकळा केला. आणि आपल्याकडे? कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर जड वाहनं दुसरीकडे वळवतात, आणि लाखो भाविक आईचा उदो उदो करत चालतात. म्हणजे रस्ता माणसांना देता येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. भवानीच्या भक्तांसाठी हमरस्ता मोकळा होतो, मग लेकरांसाठी आपली गल्ली का नाही?

आपल्या मातीतली सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली, 2020 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. खो-खोला काय लागतं? दोन खांब आणि मोकळी जागा. खांब मी आणून देतो. जागा तुम्ही द्यायची आहे.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मधला रस्ता वाहनांसाठी बंद. दोन्ही टोकांना साखळी, तीही कुलूप नसलेली, म्हणजे ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशमनची गाडी अडणार नाही. एका बाजूची पार्किंगची पट्टी पुसायची, त्या गाड्या फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत लावायच्या. तिथं दोन बाक, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी. लक्ष ठेवायला आम्ही आहोतच, फुकटात!

फाटकापर्यंत शे-दीडशे पावलं चालावं लागेल, ही अडचण खरी आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्या गाड्या दारातच राहू द्या. माझेही दुखतात. तरी पहिली गाडी मी माझी हलवणार आहे.

आणि तो फलक? तो मी रंगवून घेतला होता, मीच उतरवीन. बालमित्रांनो, त्या दिवशी शिडी धरायला या.