बर्फाचा डबा



मेळाव्याच्या मंडळींनी मला सांगितलं, "तू परदेशातल्या लोकांबरोबर काम करतेस, त्यावर बोल." सॉफ्टवेअरवर बोलले तर मागचा बाक आजही झोपेल. म्हणून लसीवर बोलते.

आधी डावा दंड बघा. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजीचा वण आहे. सर-बाईंच्या हातावर देवीच्या लसीचेही वण असतील. आपल्या हातावर ते नाहीत, कारण आपण शाळेत यायच्या आधीच, 1980 साली, जगातून देवी संपल्याचं जाहीर झालं होतं. तो काळ शीतयुद्धाचा. तरी निर्मूलनाचा प्रस्ताव 1958 साली मांडला सोव्हिएत संघाने, मोहीम पुढे नेली डॉ. हेंडरसन या अमेरिकन माणसाने. आणि दारोदार फिरले ते आपले देवी डॉक्टर.

मला मात्र सांगायचं आहे ते माझ्या धाकट्या भावाबद्दल. त्याला गोवराची लस द्यायची होती. नर्सबाई होडीने धरणापलीकडे आमच्या वाडीवर यायच्या, खांद्याला लसीचा डबा, आत बर्फ. त्या दिवशी होडी फार उशिरा सुटली आणि बर्फ वितळला. बाईंनी लस न देताच डबा बंद केला. त्यांचं बरोबरच होतं, तापलेली लस टोचून उपयोग नसतो. पुढच्या फेरीआधी भावाला गोवर निघाला, कान फुटला. डाव्या कानाने तो आजही ऐकत नाही. तुमच्यातल्या काहींनी त्याला काय नाव पाडलं होतं, ते तो विसरलाय. मी नाही. आई अजून म्हणते, "बर्फ टिकला असता तर..."

म्हणून पुण्याच्या एका लसीची बातमी वाचली तेव्हा मी थबकले. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाच्या साथी येत. 1996-97च्या साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली, सुमारे पंचवीस हजार गेली. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की डोस अर्ध्या डॉलरपेक्षा महाग असेल तर आम्हाला परवडणार नाही. मोठ्या कंपन्यांना ते जमेना. मग 2001 पासून जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था कामाला लागल्या. पैसे गेट्स फाउंडेशनचे, तंत्र अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेचं, सुरुवातीचा एक घटक ॲमस्टरडॅमचा आणि लस तयार झाली आपल्या हडपसरला, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. चाचण्या माली, गाम्बियासारख्या देशांत झाल्या. आमच्याकडे चार देशांतले लोक एकेक तुकडा लिहितात आणि जोडताना घोळ होतो, त्यामुळे मला याचं जास्तच कौतुक.

डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली. 2017 नंतर त्या पट्ट्यात 'ए' प्रकारच्या मेनिंजायटिसचा रुग्ण सापडलेला नाही. (बाकीचे प्रकार आहेत, ती लढाई चालू आहे.)

पण मी थबकले ती वेगळ्याच गोष्टीपाशी. 2012 साली बेनिनमध्ये हीच लस बर्फाशिवाय गावोगाव नेली. तपासून परवानगी मिळाली होती: चाळीस अंशांपर्यंत, चार दिवस चालेल. चार दिवस! आमची होडी तर काही तासच उशिरा सुटली होती.

याला मी मदत म्हणत नाही. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं, आणि किंमत ठरवली ती ज्यांना लस हवी होती त्यांनी. नेहमी असं होत नाही. 2021च्या लाटेत आपण लसींची निर्यात थांबवली आणि आफ्रिकेतले देश वाट बघत राहिले. घरोघरी माणसं जात असताना त्या निर्णयाला चूक म्हणायची माझी हिंमत नाही. पण त्या वाट बघणाऱ्यांत मला आई दिसली.

भाऊ आज आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. जेवताना त्याच्याशी बोलायचं असेल तर उजव्या बाजूला बसा.