साबोनिस आणि आपला हरलेला सामना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "तू आयटीतली, एआयवर बोल. मुलांच्या नोकऱ्यांचं काय होणार ते सांग." मी हो म्हटलं. दोनदा लिहायलाही बसले. पण मुलांच्या नोकऱ्यांचं काय होणार हे मलाच माहीत नाही, तर तुम्हाला काय सांगणार! म्हणून मी आज बास्केटबॉलवर बोलणार आहे. मागे बसलेल्या आमच्या टीमच्या मुली आत्ताच हसायला लागल्यात. हसा. शेवटी तुमच्याशीच काम आहे.

आमच्या कंपनीच्या एका प्रोजेक्टवर लिथुआनियातला, कौनास शहरातला एक सहकारी आहे. सॉफ्टवेअरचं रिलीज असलं की रात्री तासन्‌तास कॉलवर नुसतं बसून राहावं लागतं. अशाच एका रात्री मी म्हटलं, शाळेत मी बास्केटबॉल खेळायचे. झालं! पुढचे दोन तास तो थांबलाच नाही. लिथुआनिया हा तीस लाखांहून कमी वस्तीचा देश. आपल्या एकट्या पुण्याची वस्ती त्याहून जास्त आहे. पण तिथे बास्केटबॉलला दुसरा धर्म म्हणतात. १९३७ आणि १९३९ साली ते युरोपचे विजेते होते. १९३९ च्या स्पर्धेसाठी कौनासमध्ये खास स्टेडियम बांधलं होतं. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने देश गिळला. देश गेला, खेळ राहिला.

त्या रात्री त्याने मला अर्विदास साबोनिसची गोष्ट सांगितली. नंतर मी जुने सामने शोधून पाहिले, मिळेल ते वाचलं. आज जे सांगते आहे ते त्यातूनच.

साबोनिसचा जन्म १९६४ सालचा, कौनासचाच. उंची सात फूट तीन इंच. आता एवढ्या उंच माणसाने काय करायचं हे सगळ्यांना ठरलेलं वाटतं. रिंगखाली उभं राहायचं, वर आलेला बॉल पकडायचा आणि आत टाकायचा. मला सरांनी सेंटरला उभं केलं ते वर्गात सगळ्यात उंच म्हणूनच. तेव्हा मी पोक काढून चालायचे, ते वेगळं. पण साबोनिस तेवढ्यावर थांबणारा नव्हता. तो लांबून बास्केट करायचा, आणि मुख्य म्हणजे पास द्यायचा. रिंगकडे पाठ करून उभा राहायचा, सगळे बचावपटू त्याच्याकडे धावायचे, आणि तेवढ्यात मागून आत शिरणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात बॉल पोचलेला असायचा. त्याच्याकडे न बघता! सर, तुम्ही आम्हाला ओरडून सांगायचात ना, "बॉल पळतो माणसापेक्षा जोरात, बॉलला पळवा"? ते मला हा माणूस बघताना तिसाव्या नाही, चाळिसाव्या वर्षी कळलं.

तो झालगिरिस या कौनासच्या क्लबकडून खेळायचा. समोर असायचा मॉस्कोचा त्स्का, म्हणजे लष्कराचा संघ. झालगिरिसने १९८५, ८६ आणि ८७ अशी सलग तीन वर्षं सोव्हिएत अजिंक्यपद जिंकलं. माझा सहकारी तेव्हा अगदी लहान होता. तो म्हणाला, आमच्या घरात मॉस्कोबद्दल मोठ्याने काहीच बोलत नसत, फक्त त्या सामन्यांच्या दिवशी बोलत.

आता ही गोष्ट सांगताना कोणीही सुवर्णपदकाने सुरुवात करेल. त्याने केली ती बुडापेस्टपासून. एप्रिल १९८६. युरोपियन चॅम्पियन्स कपचा अंतिम सामना, झालगिरिस विरुद्ध झाग्रेबचा सिबोना. सिबोनाकडे द्राझेन पेत्रोविच. युरोपातले दोन सगळ्यात गुणी तरुण खेळाडू समोरासमोर. साबोनिस २१ वर्षांचा. दुसऱ्या सत्रात मैदानावर बाचाबाची झाली आणि साबोनिसने सिबोनाच्या मिहोविल नाकिचला ठोसा मारला. पंचांनी त्याला बाहेर काढलं. झालगिरिस ९४-८२ असा हरला. क्लबच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा सामना, आणि सगळ्यात मोठा खेळाडू बाहेर बसलेला.

मी विचारलं, "मग तुमच्याकडे लोक काय म्हणतात? पंचांची चूक होती?" तो म्हणाला, "नाही. त्याने मारलं. सगळ्यांनी पाहिलं." आणि पुढची गोष्ट सांगायला लागला. मी मात्र तिथेच अडकले. का, ते शेवटी सांगते.

त्याच उन्हाळ्यात स्पेनमध्ये जागतिक स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध सोव्हिएत संघ शेवटच्या मिनिटाला नऊ गुणांनी मागे होता. मिनिटभरात नऊ गुण म्हणजे सामना संपलेलाच. साबोनिसने लांबून तीन गुणांची बास्केट केली, मग सहकाऱ्यांनी आणखी दोन, बरोबरी झाली आणि जादा वेळेत ते एका गुणाने जिंकले. अंतिम सामना अमेरिकेकडून दोन गुणांनी हरले. पण अमेरिकेचं लक्ष त्याच्याकडे आधीच गेलं होतं. १९८५ साली अटलांटाने एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्याला निवडलं होतं; वय २१ पेक्षा कमी म्हणून ती निवड रद्द झाली. १९८६ साली पोर्टलँडने पहिल्या फेरीत चोविसाव्या क्रमांकावर निवडलं. पण सोव्हिएत सरकार सोडणार थोडंच!

आणि मग पाय गेला. टाचेच्या मागे, पोटरीला जोडणारी जी जाड शीर असते, अकिलीस टेंडन, ती तुटली. एकदा नव्हे, बरी होता होता पुन्हा. १९८७ ची युरोपीय स्पर्धा हुकली. १९८८ मध्ये उपचारांसाठी त्याला पोर्टलँडला जाऊ दिलं. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की एवढ्यात ऑलिंपिक खेळू नये. पण प्रशिक्षक अलेक्झांडर गोमेल्स्की त्याला सोलला घेऊन गेले. उपांत्य सामन्यात समोर अमेरिका, मध्यभागी डेव्हिड रॉबिन्सन. सोव्हिएत संघ ८२-७६ जिंकला, नंतर युगोस्लाव्हियाला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या संघाच्या मुख्य पाच खेळाडूंपैकी चार लिथुआनियाचे होते: साबोनिस, मार्चुलिओनिस, खोमिचुस, कुर्तिनायटिस. पदक मात्र सोव्हिएत संघाचं. छातीवरची अक्षरं दुसऱ्याची.

ते पदक स्वस्त नव्हतं. त्याचे पाय पुन्हा कधी पहिल्यासारखे झाले नाहीत. तरुणपणी इकडून तिकडे वाऱ्यासारखा पळणारा माणूस पंचविशीतच जड पावलांनी चालायला लागला.

१९८९ मध्ये त्याला देशाबाहेर खेळायची परवानगी मिळाली. पण तो अमेरिकेला गेला नाही, स्पेनला गेला, वायादोलिद नावाच्या मध्यम शहरातल्या साध्या क्लबकडे. दुखरे पाय घेऊन अमेरिकेतले ८२ सामन्यांचे हंगाम झेपणार नव्हते. मार्च १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी सोव्हिएत रणगाड्यांसमोर निःशस्त्र माणसं उभी राहिली, त्यात जीव गेले. आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये लिथुआनिया स्वतःच्या नावाने उतरला.

आपण तेव्हा आठवी-नववीत होतो. बार्सिलोना म्हटलं की आपल्याला मायकल जॉर्डनची ड्रीम टीम आठवते. त्या ड्रीम टीमने उपांत्य सामन्यात लिथुआनियाला ५१ गुणांनी धुतलं. पण त्यांचा खरा सामना नंतरचा होता. कांस्यपदकासाठी समोर कोण? पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ! ८२-७८ असा निसटता विजय. नव्या देशाच्या तिजोरीत पैसे नव्हते, संघासाठी मार्चुलिओनिस वर्गणी गोळा करत फिरला होता. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने मदत केली आणि रंगीबेरंगी टी-शर्ट दिले, त्यांवर बॉल मारणारा सांगाडा. पदक घ्यायला लिथुआनियाचा संघ तेच टी-शर्ट घालून गेला. साबोनिसकडे चार वर्षांपूर्वीचं सोनं होतंच. पण माझा सहकारी म्हणतो, आमच्याकडे कोणालाही विचारा, मोठं पदक कोणतं? उत्तर येतं, ब्राँझ.

तो बुडापेस्टचा हुकलेला कप? त्याला नऊ वर्षं लागली. साबोनिस माद्रिदला गेला आणि १९९५ मध्ये झारागोझा इथे रिअल माद्रिदने ऑलिंपियाकोसला हरवून तोच युरोपीय किताब जिंकला. सर्वोत्तम खेळाडू साबोनिस. त्या वेळी पेत्रोविच हयात नव्हता. १९९३ मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी, तो मोटार अपघातात गेला.

त्यानंतर, निवड झाल्यावर तब्बल नऊ वर्षांनी, साबोनिस पोर्टलँडला पोचला. तिथल्या मॅनेजरने पुढे सांगितलेला किस्सा असा: डॉक्टरांना त्याचे एक्स-रे दाखवले तेव्हा डॉक्टर म्हणाले, एवढ्या एक्स-रेवर या माणसाला अपंगांसाठी राखीव पार्किंग मिळेल. असा माणूस जवळजवळ एकतिसाव्या वर्षी 'नवा खेळाडू' म्हणून उतरला. मिनिटं कमी, उडी जवळजवळ नाही, धावणं नाही. तरी पहिल्याच हंगामात सरासरी १४.५ गुण आणि वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा. सात हंगाम, ४७० सामने खेळला. जे उरलं होतं त्यावर खेळला: हात, नजर, आणि कोण कुठे पोचणार आहे याचा अंदाज.

शेवटी घरी परतला. २००३-०४ च्या हंगामात, ३९ व्या वर्षी, झालगिरिसकडून युरोलीगच्या साखळी फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शेवट मात्र सिनेमासारखा गोड नाही हं. तेल अवीवमध्ये शेवटच्या दोन-तीन सेकंदांपर्यंत झालगिरिस तीन गुणांनी पुढे होता. जिंकले असते तर अंतिम चौघांत गेले असते. मकाबीच्या डेरिक शार्पने तीन गुणांची बास्केट करून बरोबरी केली आणि जादा वेळेत झालगिरिस हरला. त्याच्या पुढच्या वर्षी साबोनिस निवृत्त झाला. आता त्याचा मुलगा दोमांतास एनबीएत खेळतो, आणि तोही बापासारखेच पास देतो.

आता आपल्या गोष्टीकडे येते.

नववीतली जिल्हास्तरीय फायनल. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वर्षी तो विषय निघतो: "त्या पंचाने आपल्याला हरवलं. हिला विनाकारण बाहेर काढलं." कितीतरी वर्षं मी त्याखाली हसरा चेहरा टाकते आणि गप्प बसते. मुलींनो, विनाकारण नव्हतं. त्यांची ती बुटकी गार्ड मला सारखी टोचून बोलत होती, "उंट, उंट" म्हणत होती. बॉल वर असताना, सगळ्यांच्या नजरा वर असताना, मी तिला कोपर मारलं. मुद्दाम. तिचा ओठ फुटला. तुम्ही कोणी पाहिलं नाही. पंचांनी पाहिलं. मी रडत बाहेर आले आणि म्हणाले, "मी काही केलं नाही," आणि तुम्ही सगळ्याजणी माझ्या बाजूने पंचांशी भांडलात. सहा मिनिटं उरली होती. आपण चार गुणांनी हरलो. आपली कॅप्टन दहावीनंतर खेळलीच नाही. ती फायनल तिची शेवटची होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

साबोनिसचा ठोसा साऱ्या युरोपने पाहिला. लपवायला जागाच नव्हती, म्हणून तो तिथेच संपला आणि पुढचा खेळ सुरू झाला. माझं कोपर तीस वर्षं माझ्यापाशीच राहिलं. मी दहावीत खेळ सोडला तेव्हा घरी सांगितलं, अभ्यास आहे. खरं म्हणजे मला तुमच्याबरोबर त्या ग्राउंडवर उभं राहवत नव्हतं.

सर, तुम्हाला माहीत होतं असं मला वाटतं. त्या दिवशी बसमध्ये तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसलात. काही विचारलं नाहीत. उतरताना एवढंच म्हणालात, "उद्या साडेसहाला प्रॅक्टिस." मी आले नाही. सर, मला यायला फार उशीर झाला.

मुलींनो, माफ करा. आणि त्या पंचांना ग्रुपवरून आता मोकळं करा. ते बरोबर होते.

जेवणानंतर ग्राउंडवर जायचं ठरलंय असं ऐकते. माझा उजवा गुडघा आता जिन्यावरसुद्धा कुरकुरतो, त्यामुळे मी पळणार नाही. मी रिंगकडे पाठ करून मधे उभी राहीन. तुम्ही पळा. बॉल मी देते.