बाळंतविड्यांत काय असावें?

घरांत नवें मूल येणार अशी चाहूल लागली, कीं बाळंतविड्याची तयारी सुरू होते. झबलीं, टोपरीं, कुंची, लंगोट, दुपटीं, एखादी गोधडी, चांदीची वाटी आणि चमचा, ऐपत असल्यास वाळे, असा हा विडा पूर्वीं घरच्या बायका दुपारच्या वेळीं बसून सिद्ध करीत. आतां तो पुष्कळ ठिकाणीं तयार पेटींतून विकत येतो. पेटीवर एक हिरवें पान छापलेलें असतें, आंत जें जें आहे तें सारें नैसर्गिक असल्याची ग्वाही असते, आणि किंमतही त्या पानाच्या मानानें चढलेली असते. मुलाच्या अंगाला निर्मळ तेंच लागावें, आणि त्याच्या पहिल्या दोन वर्षांत घराबाहेर कचऱ्याचा ढीग सांचूं नये, ही आईबापांची इच्छा योग्यच आहे. परंतु हिरव्या पानावर विसंबून ती पुरी होत नाहीं. वस्तु खरोखर कशाची आहे, ती मुलाच्या त्वचेला आणि श्वासाला काय करील, आणि ती पुनःपुन्हां वापरण्याजोगी ठेवण्याचे कष्ट कोणीं घ्यावयाचे, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज निवड करतां येत नाहीं. यांपैकीं तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाहीं.

कापडापासून आरंभ करणें बरें. नवजात अर्भकाची त्वचा पातळ असते. घर्षण, ओलावा आणि तीव्र सुगंधी द्रव्यें तिला लवकर बाधतात. अशा त्वचेला सुती कापडाइतकें सोसणारें दुसरें कापड क्वचितच. मात्र कोरें सुती कापड लंगोटाच्या उपयोगाचें नसतें. कापसाच्या तंतूवर मूळचाच मेणाचा पातळ थर असतो, आणि मागावर चढविण्यापूर्वीं सुताला खळ दिलेली असते. त्यामुळें कोरें कापड पाणी लवकर शोषीत नाहीं. चार-सहा वेळां धुतल्यावर तें मऊ पडतें आणि ओलावा घेऊं लागतें. आजोबांच्या धोतराचे लंगोट आणि आजीच्या नऊवारी लुगड्याचीं दुपटीं करण्याची चाल ही केवळ काटकसर नव्हती; वर्षानुवर्षें धुतलें गेलेलें तें कापड या कामाला सर्वांत लायक झालेलें असे. मुंबई-पुण्याच्या घरांतून धोतरें व लुगडीं दुर्मिळ झालीं असलीं, तरी जुन्या सुती चादरी व ओढण्या अजून निघतात.

याउलट ‘बांबूचें कापड’ म्हणून जें मऊ, तकतकीत कापड लहान मुलांसाठीं विकलें जातें, त्याची जातकुळी तपासून घ्यावी. बांबूचा लगदा करावयाचा, तो कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांच्या योगानें विरघळवावयाचा, आणि त्या द्रवाचा पुन्हां धागा ओढावयाचा, अशा कृतीनें त्यांतील बरेंचसें कापड तयार होतें. या धाग्याचें खरें नांव व्हिस्कोज किंवा रेयॉन. तें वापरण्यास वाईट असतें असें नाहीं, पण त्याला बांबूचा नैसर्गिक धागा म्हणणें ही दिशाभूल होय. अमेरिकेंत २०१३ सालीं तेथील फेडरल ट्रेड कमिशननें याच कारणावरून चार मोठ्या विक्रेत्यांवर कारवाई केली आणि त्यांच्याकडून एकंदर साडेबारा लाख डॉलरांहून अधिक दंड घेतला.

घरांतील जुन्या कपड्यांच्या बाबतींत मात्र एक धोका असा आहे, कीं तो सुशिक्षित कुटुंबांनाही सहसा ठाऊक नसतो. थोरल्या भावंडाचीं झबलीं आणि दुपटीं धुऊन, घडी घालून ट्रंकेंत ठेवतात, आणि कसर लागूं नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकतात. या गोळ्या नॅफ्थालीनच्या असल्या, तर त्यांची वाफ कपड्यांत मुरते. कांहीं मुलांच्या तांबड्या रक्तपेशींत ‘जी-सिक्स-पी-डी’ या नांवाच्या विकराची जन्मतःच उणीव असते. ही उणीव आईकडून येते आणि मुलींपेक्षां मुलग्यांत अधिक आढळते. भारतांतील अनेक समाजांत ती आहे. अशा अर्भकाला त्या ट्रंकेंतील दुपट्यांत गुंडाळलें, तर नॅफ्थालीन श्वासावाटें व त्वचेवाटें शरीरांत जाऊन रक्तपेशी फुटूं लागतात, मूल पिवळें पडतें, आणि कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊं शकते. मूल तें, कपडे मायेचे, आणि धुतलेलेही. म्हणून संशय कोणालाच येत नाहीं. तेव्हां गोळ्यांत ठेवलेले कपडे नवजात मुलाला घालूं नयेत हेंच उत्तम. पुढल्या अपत्यासाठीं कपडे ठेवावयाचे असतील, तर ते चांगले वाळवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवावेत आणि मधून मधून उन्हें दाखवावींत. नवजात मूल पिवळें दिसूं लागलें, तर वैद्याला या गोळ्यांचीही माहिती आवर्जून द्यावी.

येथें ‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल थोडें बोलणें प्राप्त आहे, कारण या शब्दानें दुकानदारांइतकीच घरांतील वडीलधाऱ्यांचीही फसगत होते. मध नैसर्गिक आहे. परंतु त्यांत बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचीं बीजें असूं शकतात, आणि एक वर्षाच्या आंतील मुलाच्या आंतड्यांत तीं रुजतात. म्हणून वर्षाच्या आंत मधाचें बोटही चाटवूं नये. सुरमा खनिज आहे, आणि बाजारांतील कित्येक सुरम्यांत व काजळांत शिसें सांपडलेलें आहे. ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी घरगुती खरी, पण धूर तो धूरच, आणि अर्भकाच्या फुप्फुसांना तो सोसत नाहीं. पहिले सहा महिने मुलाला केवळ आईचें दूध द्यावें असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. सहाणेवर उगाळलेल्या गुटीलाही त्यांत जागा नाहीं. खोबरेलानें हलक्या हातानें अंग चोळण्यास मात्र कोणाची हरकत असूं नये, तेल नाकाकानांत घातलें नाहीं म्हणजे झालें.

दूध पाजण्याच्या भांड्याविषयीं मतभेदाला फारसा वाव नाहीं. आईचें काढलेलें दूध देण्याची वेळ आलीच, तर साधी वाटी आणि चमचा पुरतो. त्या पूर्ण उकळतां येतात, आणि त्यांचा कोपरा न् कोपरा डोळ्यांना दिसतो. जुन्या बोंडल्याचा मोह अनेकांना पडतो. पण त्याच्या चोंचींत दूध अडकून राहतें व तेथें ब्रश पोहोंचत नाहीं, हा दोष रबरी बुचाच्या बाटलीइतकाच त्यालाही लागूं आहे. दुधाच्या बाटल्यांची व कृत्रिम दुधाची जाहिरात करण्यास भारतांत १९९२ च्या कायद्यानें बंदी घातली, ती उगाच नव्हे.

आतां लंगोट आणि डायपर. डायपरची सारी करामत त्याच्या पोटांतील सोडियम पॉलिअॅक्रिलेट या दाणेदार पदार्थांत आहे. हा पदार्थ आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी शोषून त्याची खळ बनवितो, व त्यामुळें वरचा पदर कोरडा राहतो. डायपरनें त्वचा हटकून खराब होते असें म्हणणें न्यायाचें नाहीं. अर्धा तास ओल्या लंगोटांत राहिलेल्या मुलाला चट्टे अधिक लवकर उठतात. दोष आहे तो नंतरचा. दिवसाला पांच धरले, तरी दोन वर्षांत साडेतीन हजारांवर डायपर एका मुलामागें फेंकले जातात. त्यांतील प्लॅस्टिक कुजत नाहीं आणि मळ मात्र तसाच राहतो. हा कचरा शेवटीं कोणाच्या तरी हातांत येतो. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं तो गुंडाळून वेगळा देण्याचें बंधन घातलें. पुण्यांतील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या स्त्रियांनीं या कामासाठीं जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनविल्या, कारण उघडे डायपर त्यांनाच हातानें निवडावे लागत.

परंतु कापडही आपोआप निर्दोष ठरत नाहीं. इंग्लंडच्या एन्व्हायरन्मेंट एजन्सीनें २००८ सालीं अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला. हवा तापविणाऱ्या वायूंच्या दृष्टीनें डायपरचा वांटा सुमारें ५५० किलो, आणि कापडी लंगोटांचा सरासरीनें ५७० किलो, असा निष्कर्ष निघाला. यंत्रांत पुरते कपडे घालून धुतले, दोरीवर वाळविले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर मात्र कापडाचा आंकडा सुमारें चाळीस टक्क्यांनीं उतरला. विजेच्या यंत्रानें वाळविले तर तो पुष्कळ चढला. आपल्याकडे ऊन फुकट आहे, ही गोष्ट येथें फार मोलाची ठरते. पावसाळ्यांत कोंकणपट्टीला ती सवलत नसते. तेव्हां एरवीं तीन डझन लंगोटांनीं भागत असेल तर पांच डझन लागतात, आणि दमट लंगोट इस्त्री फिरवून कोरडे केल्याखेरीज बांधूं नयेत. धुतांना सौम्य, बिनवासाचा साबण वापरावा व तो निथळून काढावा. कपडे मऊ करणारीं द्रावणें टाळावींत. त्यांचा थर धाग्यांवर बसून कापडाची शोषणशक्तिच कमी होते.

इंग्लंडच्या त्या हिशेबांत एक आंकडा नव्हता. नवजात मुलाला दिवसाकांठीं दहा-बारा लंगोट लागतात. ते खंगाळावे, भिजवावे, धुवावे, पिळावे, वाळत घालावे आणि घड्या कराव्या, यांत तास-दीड तास सहज जातो, आणि तो रोज जातो. मोठ्या एकत्र कुटुंबांत हें काम चार हातांत वांटलें जाई. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तें एकटीच्या वांट्याला येतें. तिचे टांके अजून ओले असतात आणि रात्रीची झोंप झालेली नसते. धुण्याभांड्याची बाई हे लंगोट धुण्यास नाखूष असते किंवा त्याचे वेगळे पैसे मागते, आणि तिचें मागणें रास्तच असतें. निसर्गाची काळजी वाहण्याचा निर्णय नवऱ्यानें दिवाणखान्यांत घ्यावा आणि त्याची बादली बायकोनें न्हाणीघरांत उचलावी, ही वांटणी कोणत्याही दृष्टीनें नैसर्गिक नाहीं. बाळंतविडा घेण्यापूर्वीं घरांतील माणसांनीं एकत्र बसून सकाळची बादली कोणाची व संध्याकाळच्या घड्या कोणाच्या, हें ठरवून घ्यावें. पित्यानें तें काम पत्करलें, तर कापड खुशाल निवडावें. पत्करणारें कोणीच नसेल, तर दिवसा लंगोट, आणि रात्रीं व प्रवासांत डायपर, अशी तडजोड करावी. आणि पहिले पंधरा दिवस त्या आईला केवळ डायपर वापरावेसे वाटले, तर त्यावरून तिला कोणीं बोल लावूं नये.

खरेदी करतांना सर्वच वस्तु एकदम घेऊं नयेत. झबलीं दोन-तीन महिन्यांतच आंखूड होतात; सहा पुरेत. कुंची फिरायला नेतांना शोभते, पण झोंपेंत तिचे बंद गळ्याशीं येतात, म्हणून निजवितांना ती काढावी. मोहरीच्या उशीची गरज नसते; मूल घट्ट, सपाट अंथरुणावर पाठीवर निजवावें, आणि गोधडी जमिनीवर मूल खेळूं लागेल त्या दिवसांसाठीं ठेवावी. लंगोट मात्र मोजून न घेतां सढळ हातानें शिवून ठेवावेत. मूल चालूं लागेपर्यंत ते विरतात, आणि मग त्यांचीं स्वयंपाकघरांत उत्तम पुसणीं होतात.