खेळातील कल्पकतेचे मोजमाप



मूल खेळू लागले की अभ्यास बुडाला, असे आपण धरून चालतो. आज मी सांगणार आहे ते याच्या उलट आहे. मूल खेळत असतानाच त्याची कल्पकता मोजता येईल काय, असा हा प्रश्न आहे.

मानसशास्त्राने कल्पकतेची उपेक्षा केली, अशी तक्रार गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून केली. त्यानंतर परीक्षा निघाल्या. विटेचे उपयोग सांगा, असा त्यांतला एक प्रसिद्ध प्रश्न. उत्तरे किती, किती प्रकारची आणि किती दुर्मिळ, ही मापे ठरली.

परंतु कागदावर मुलाचे उत्तर तेवढे उमटते. ते तेथवर कसे पोहोचले, हे कळत नाही. फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील व्हॅलरी शूट आणि त्यांचे सहकारी यांनी 'फिजिक्स प्लेग्राउंड' नावाचा व्हिडिओ गेम तयार केला. पडद्यावर एक हिरवा चेंडू असतो, एक लाल फुगा असतो. मुलाने रेघ ओढली की तिची वस्तू होते, तिला वजन येते. उतरण काढा, तरफ काढा, लंबक काढा, पण चेंडू फुग्याला लागला पाहिजे. एकाच कोड्याला अनेक वाटा असतात आणि प्रत्येक रेघेची नोंद राहते. २०२१ साली शूट व रहिमी यांनी अशा नोंदींवरून कल्पकता मोजण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. मूल फसलेल्या उतरणीलाच चिकटून बसले की ती पुसून तरफेकडे वळले, हे येथे दिसते. परीक्षेची धास्तीही नाही.

मग अडचण कोठे आहे? पुन्हा विटेकडे या. आपल्याकडचे मूल सहज म्हणेल, 'वीट देवाला उभे राहायला.' पंढरपुरात हे उत्तर दहाजण देतील, म्हणून त्याला मोल नाही. फ्लोरिडात कोणीच देणार नाही, म्हणून ते अपूर्व ठरेल, किंवा निरर्थक म्हणून बाद होईल. मूल तेच, उत्तर तेच. बदलला तो तराजू. खेळातही दुर्मिळता मोजायची ती इतर खेळणाऱ्यांच्या तुलनेनेच. शिवाय खेळ रचणाऱ्याने ज्या हालचाली मोजायच्या ठरवल्या, तेवढ्याच मोजल्या जातात.

आता या मोजमापाची क्रमवारीही लागू लागली आहे. २०२२ च्या 'पिसा' परीक्षेत ६४ देश व प्रदेशांतील पंधरा वर्षांच्या मुलांची सर्जनशील विचारशक्ती तपासली गेली. सिंगापूर पहिले आले. उद्या आपल्या गावात कल्पकतेचेही क्लास निघाले, तर मला नवल वाटणार नाही. तेथे मुले वेगळेपणाची उत्तरे घोकतील आणि खेळ संपेल.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. हे माप जरूर वापरावे, पण शिकवण्याची पद्धत तपासण्यासाठी. मुलाच्या गुणपत्रिकेत ते चढवू नये. आणि आपण तोलले जात आहोत, हे मुलाला आधी सांगावे. नकळत ठेवलेल्या पाळतीला खेळ म्हणणे, ही मुलाची फसवणूक आहे.