डोहातील बीज

(खुलताबाद तालुक्यातील शिक्षकांपुढे केलेले भाषण)



पाण्याचे उपयोग विचारले असता आपले विद्यार्थी पिणे, स्वयंपाक, शेती व कारखाने ही नावे तोंडपाठ सांगतात. हे सर्व उपयोग मनुष्याचे होत. पाण्यातच ज्यांचा जन्म जातो, त्या जीवांचाही त्यावर हक्क आहे, हे त्यांस कोणी शिकवावयाचे?

आपल्या तालुक्यात गिरिजा म्हैसमाळच्या डोंगरात उगम पावते. येळगंगा वेरूळच्या लेण्यांजवळ कड्यावरून उतरते. अशा नद्यांची धार उन्हाळ्यात तुटते. मग मासे, खेकडे व गोगलगाई खोल डोहांच्या आश्रयाने राहतात. पहिला पूर येताच यांतील पुष्कळ मासे प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतात. शेतकरी बियाणे राखतो, तशी नदी आपले बीज डोहात राखते.

या बीजाचा नाश तीन प्रकारांनी होतो. डोहास पंप लावला किंवा काठच्या विंधन विहिरींनी भूजल खाली नेले, म्हणजे डोह आटतो. शेतातील खत व गावचे सांडपाणी त्यात उतरले, म्हणजे शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू सरतो व मासे गुदमरतात. नदीस आडवी भिंत आली, म्हणजे माशांची वाट खुंटते. पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्यामुळे शेतीस व शहरांस पाणी मिळाले. नाथसागरावर पाणपक्षी जमू लागले व १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले. परंतु खालच्या गोदावरीतील माशांस ती भिंत चढता येत नाही. लाभ व हानी दोन्ही मुलांस सांगावीत.

हानी अखेर आपलीही आहे. लहान मासे व चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. डोह मेला, की उरलेल्या डबक्यांत डासांस मोकळे रान मिळते.

शेतकऱ्याने पाणी घेऊ नये, असे दुष्काळ सोसलेल्या या भागात कोण म्हणेल? पिकास ठिबकने पाणी द्यावे, कपडे काठापासून दूर धुवावेत, आणि गावाने निदान एक डोह पावसाळ्यापर्यंत पंपावाचून राखावा, एवढेच मागणे आहे.

शिक्षकांनी दरमहा मुलांस काठावर न्यावे. पाण्यात कोणास उतरू देऊ नये. शिक्षकांनी स्वतः दोरीस दगड बांधून खोली मोजावी आणि दिसलेले जीव मुलांकडून वहीत नोंदवून घ्यावेत. वर्षअखेर ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी. मुलांच्या हस्ताक्षरातील आटत्या डोहाचा हिशेब गाव सहजासहजी नाकारणार नाही.