शिडी आणि तिचे मालक
(कंधार येथे युवक कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कंधारात येऊन एखाद्याने फुटबॉलवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आपल्याकडे खेळ म्हटला की डोळ्यांपुढे येते ती माळेगावची यात्रा आणि तिथला कुस्तीचा फड. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. फडात नारळावरच्या कुस्त्या आधी लागतात. मग इनामाची रक्कम वाढत जाते आणि दिवस कलताना मानाची कुस्ती लागते. आज नारळ जिंकणारा पोरगा काही वर्षांनी त्या शेवटच्या कुस्तीत उभा राहू शकतो, या एका विश्वासावर खेड्याखेड्यांतल्या तालमी उभ्या असतात. उद्या पंचांनी जाहीर केले की शेवटच्या कुस्तीतल्या जागा आधीच विकल्या गेल्या आहेत, तर नारळाच्या कुस्तीला कोण अंगाला माती लावील?

फुटबॉलमध्ये या क्रमाला लीगची उतरंड म्हणतात. इंग्लंडमध्ये १८८८ साली लीग सुरू झाली आणि पुढे एकाखाली एक असे अनेक विभाग झाले. वर्षाअखेर खालच्या विभागातले पहिले काही संघ वर चढतात व वरच्यातले शेवटचे खाली येतात. नियम इतका साधा आहे, पण त्यामुळे श्रीमंत क्लबालाही खाली पडण्याची भीती असते आणि गल्लीतल्या क्लबालाही वर जाण्याची आशा.

आता आपल्या शेजारच्या गोव्याकडे या. पणजीचा धेंपो स्पोर्ट्स क्लब लोहखनिजाच्या व्यापारातून मोठ्या झालेल्या घराण्याचा. साठीच्या दशकात त्याने या घराण्याचे नाव घेतले आणि सत्तरीच्या दशकात मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकून दाखवला. गोव्यातले मोठे क्लब खाणमालकांच्या पदराखाली वाढले, हे सत्य आहे. त्या खनिजामागे कोणाचा घाम होता हे तुम्हाला सांगायला नको. पण मैदानावरचा मोठेपणा पैशाने आयता मिळत नव्हता. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि शतक पालटता पालटता हाच नामवंत संघ दुसऱ्या विभागात जाऊन पडला.

तिथून त्याला वर काढले प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी. बहुतेक गोव्याचीच मुले, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, आणि त्यांच्या जोडीला बाहेरून आणलेले मोजके खेळाडू. २००४ च्या डिसेंबरात बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला आणि गेला. मैदानावरची वैद्यकीय व्यवस्था पुरेशी होती काय, हा प्रश्न तेव्हा साऱ्या देशात विचारला गेला. कारखान्यातल्या अपघातानंतर विचारला जातो तसाच, माणूस गेल्यावर. त्याच हंगामात, २००४-०५ मध्ये, धेंपो राष्ट्रीय विजेता झाला. पुन्हा २००६-०७ मध्ये. मग लीगचे नाव बदलून आय-लीग झाले, तरी २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ही अजिंक्यपदे धेंपोचीच. २००८ मध्ये हा संघ आशियाई चषकस्पर्धेत, एएफसी कपमध्ये, उपांत्य फेरीपर्यंत पोचला. दुसऱ्या विभागातून आलेल्या संघाने आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.

इकडे मैदानाबाहेर काही वेगळेच शिजत होते. २०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, सातशे कोटी रुपयांना, एका खासगी भागीदारीला देऊन टाकले. तीत रिलायन्स उद्योगसमूह होता. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग निघाली. या लीगमध्ये प्रवेश खेळून नव्हे, फी भरून. चढणे नाही, उतरणे नाही. गंमत पाहा, गोव्याच्या नव्या संघात धेंपो व साळगावकर या घराण्यांचीही भागीदारी होती. म्हणजे जुन्या घरात राहणाऱ्यांनीच नव्या वाड्याची एक खोली घेतली.

२०१४-१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली गेला. पण खाली जाऊन रडत बसला नाही. दुसऱ्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून त्याने वरची जागा परत मिळवली. नेमके तेव्हाच, २०१६ मध्ये, महासंघाने योजना पुढे केली की फी भरणाऱ्यांची लीग हीच पहिली मानावी, आय-लीग तिच्या खाली जावी आणि दोहोंमध्ये वाट नसावी. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनी निषेध म्हणून राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. खेळाडूंनी वर्षभर खपून कमावलेली जागा न खेळताच गेली.

निषेध रास्त होता, असे माझे मत आहे. पण मला टोचते ते दुसरे. संघ मागे घेण्याचा निर्णय घेताना फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये वर्षानुवर्षे तिकीट काढून बसणाऱ्या माणसाचे मत कोणाला विचारण्याचे कारणच नव्हते. तो सभासद नव्हता. शिडी विकणारे कंपनीवाले होते आणि शिडी सोडणारेही मालकच होते.

इथे विम्बल्डनची गोष्ट सांगितली पाहिजे. टेनिसमुळे तुम्हाला ठाऊक असलेल्या त्या लंडनच्या उपनगरात एक फुटबॉल क्लब होता. १९७७ साली त्याला लीगच्या शेवटच्या विभागात जागा मिळाली, १९८६ मध्ये तो पहिल्या विभागात पोचला आणि १९८८ मध्ये लिव्हरपूलला १-० ने हरवून त्याने एफए कप जिंकला. पुढे मालकांनी संघ उचलून मिल्टन कीन्स या दूरच्या नव्या शहरात न्यायचे ठरवले आणि २००२ मध्ये फुटबॉलच्या एका त्रिसदस्य आयोगाने त्याला परवानगी दिली. पाठीराखे न्यायालयाची पायरी चढत बसले नाहीत. त्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब काढला, सार्वजनिक माळावर खेळाडूंची चाचणी घेतली आणि नवव्या पायरीवरून सुरुवात केली. नऊ वर्षांत, २०११ मध्ये, हा एएफसी विम्बल्डन पुन्हा लीगमध्ये आला. २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेनवर नव्या मैदानात परतला. क्लबाचा ताबा पाठीराख्यांच्या न्यासाकडे आहे आणि सभासदाला मत आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला हे परके वाटू नये. शेअर घेऊन सभासद होणे आपल्याला ठाऊक आहे, आणि सभासद झोपला की सहकारी कारखाना खासगी हातात कसा जातो, हेही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ पेठांचे आहेत. त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर लोटणारी गर्दी मालकासाठी येत नाही, पेठेसाठी येते. मात्र त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या पलीकडे चढायला नीट पायऱ्याच बांधल्या गेल्या नाहीत.

देशाच्या शिडीची वरची पायरी २०२३ मध्ये उघडली. आय-लीग जिंकून पंजाबचा संघ सुपर लीगमध्ये गेला आणि पुढल्या वर्षी कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. २०२४-२५ मध्ये गोव्याचा चर्चिल ब्रदर्स गुणतक्त्यात वर होता. महासंघाच्या अपील समितीने त्याला विजेता ठरवले, आणि जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने तो मान इंटर काशीला दिला. धेंपोचे म्हणाल, तर त्याने २०२३-२४ मध्ये पुन्हा खालच्या विभागातून सुरुवात केली, दुसरा क्रमांक मिळवला आणि पुढल्या हंगामात तो आय-लीगमध्ये खेळायला उतरला. मालक तेच होते आणि फातोर्ड्याचा प्रेक्षक अजूनही तिकीटधारकच होता.